खाच आणि कानस

— जोर नका लावू, काका. जोर लावून बसवायची चूक माझ्या वडिलांनी केली, ती एका घरात एकदा झाली तेवढी पुरे. आणा इकडे ती पट्टी. कडेला धरा, कडेला — त्या सोनेरी दातांना बोट नका लावू. हे बघा, ओरखडे आलेत. घरी दाबून बघितलीत ना? मान नका हलवू, दिसतंय. तुमच्या वयाच्या लोकांचं हेच असतं — बसत नाही म्हटलं की वस्तूच हट्टी, आपलं काही चुकत असेल हे डोक्यात येतच नाही. रागावू नका. मालक जेवायला गेलेत, ते असते तर गोड बोलले असते. माझ्याकडे तो माल नाही.

ही रॅम आहे. कंप्यूटरचं कामाचं टेबल समजा — कपाटातलं सामान काढून ज्याच्यावर पसरायचं ते. पूर्वीची मेमरी कानशीसारखी होती. कानस चालवलीत कधी? पुढे ढकलताना घासते, मागे येताना नुसतीच येते, रिकामी. घड्याळाचा एक ठोका, एक खेप. मग कुणीतरी डोकं लावलं — दोघांनी ओढायची लांब करवत असते ना, ती जाताना कापते नि येतानाही कापते, तसं ठोका चढतानाही माहिती न्यायची आणि उतरतानाही न्यायची. एका ठोक्यात दोन खेपा. म्हणून डबल डेटा रेट, डीडीआर. त्याच्यापुढचा आकडा म्हणजे पिढी — दोन, तीन, चार, आता पाच. पुढची पिढी आधीच्यापेक्षा वेगवान आणि कमी विजेवर चालणारी. तिसरीला दीड व्होल्ट लागतो, चौथीला सव्वाच्याही आत. लांबी दोघींची तीच, म्हणून तर घोळ होतो — पण दात वेगळे, तिसरीला दोनशे चाळीस, चौथीला दोनशे अठ्ठ्याऐंशी, आणि ही मधली खाच दर पिढीला जराशी सरकवलेली. मुद्दाम सरकवलेली, काका. चुकीची पट्टी चुकीच्या जागी जाऊच नये म्हणून. तुमच्या मशीनला तिसरी लागते, तुम्ही चौथी आणलीत. विषय संपला.

काय? मुलाने सांगितलं? नवी जुन्यात चालते, फक्त हळू चालते — असं म्हणाला? काय शिकतो तो?

कंप्यूटरच. दुसऱ्या वर्षाला. हं.

बसा. तो स्टूल ओढा.

वाक्य बरोबर आहे त्याचं — अर्धं. एकाच पिढीतल्या दोन पट्ट्या असतील, एक चोवीसशे वेगाची नि एक बत्तीसशेची, तर दोन्ही चोवीसशेने चालतात, लंगड्याच्या चालीने अख्खी रांग चालते तशा. वेगाचं असं जमतं, पिढीचं जमत नाही. हे पुढचं अर्धं मला येत नव्हतं. पहिलं अर्धं येत होतं, कारण मीही कंप्यूटरलाच होतो, आणि पहिल्या सहामाहीत हे शिकवलं त्या एका तासाला मी वर्गात बसलो होतो. नंतर कॉलेजला गेलोच नाही. घरी माहीत नव्हतं — सकाळी डबा घेऊन निघायचो, बागेतल्या बाकावर बसून खायचो, संध्याकाळी दमल्यासारखा चेहरा करून परत. घरच्यांच्या लेखी मी दुसऱ्या वर्षाला होतो. तुमच्या मुलाचं तसं असेल असं नाही म्हणत मी. मी माझं सांगतोय — आणि का सांगतोय कोण जाणे, तुम्ही नुसती पट्टी घेऊन आलात.

वडील माझे फिटर. एकतीस वर्षं कारखान्यात. बसत नाही तर घास, एवढं एकच शास्त्र. ताई घरूनच एका इंजिनिअरसाठी घरांचे नकाशे काढायची आणि तिचं मशीन गोगलगायीसारखं चालायचं, तर हे कुणाकडून तरी पट्टी घेऊन आले, चौथ्या पिढीची. ताई अंघोळीला गेलेली. मला म्हणाले, "अरे, ह्याच्यावर चार लिहिलंय, आणि मशीनच्या कागदावर तीन. चालेल का?" मला विचारलं, काका. ज्या माणसाने जन्मात कुणाला विचारून स्क्रू फिरवला नाही, त्याने मला विचारलं. आता नाही म्हणायचं तर का नाही, ते तरी यायला हवं ना? आणि माहीत नाही म्हणालो असतो तर मग कॉलेजात शिकवतात काय, हा पुढचा प्रश्न आलाच असता. मी म्हणालो, "चालेल की. नवीन जुन्यात चालतं, फक्त हळू." अशा थाटात म्हणालो की जणू रोज दहा बसवतो.

खाच जुळेना. त्यांनी परत माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "कंपनीप्रमाणे थोडं इकडेतिकडे असतं." हे मी कुठून आणलं, मला आजही माहीत नाही. मग त्यांनी छोटी कानस काढली आणि पट्टीला नवीन खाच पाडली. इतकी सरळ, इतकी साफ — कारखान्याच्या पट्टीलासुद्धा तशी नसते. टॉर्च मी धरला होता. बसली पट्टी. बटण दाबलं, पंखा एकदा फिरला, जळका वास आला, बस्स. मदरबोर्ड गेला.

ताई ओले केस घेऊन बाहेर आली. दुपारपर्यंत नकाशे द्यायचे होते तिला. ती वडिलांच्या हातातल्या कानशीकडे बघून म्हणाली, "बाबा, कंप्यूटर काय कानशीने दुरुस्त करतात? जे कळत नाही त्यात हात घालायची एवढी काय हौस?" आणि मी म्हणालो — टॉर्च अजून हातात होता — मी म्हणालो, "मी सांगत होतो त्यांना, जोर लावू नका म्हणून."

असं म्हणालो मी.

वडिलांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग ताईला म्हणाले, "हो. सांगत होता तो."

ते काम ताईच्या हातून गेलं, दुसऱ्या कुणाला मिळालं. आता पाहुणे आले की ती कानशीची गोष्ट सांगते, सगळे हसतात, वडील हसतात, मीही हसतो. सुरुवातीला तुम्हाला काय सांगितलं मी? वडिलांची चूक. तोंडाला तेच वळण पडलंय. कॉलेजचं पुढे कळलंच घरी, त्याबद्दलही ते काही बोलले नाहीत. ओरडले असते तर भांडता आलं असतं. म्हाताऱ्यांशी भांडायला मला कधी लाज वाटली नाही, मालकांना विचारा. पण ह्या माणसाने भांडायला जागाच ठेवली नाही.

घ्या, पट्टी गुंडाळून दिलीय. जिथून आणलीत तिथे परत करा, तिसऱ्या पिढीची मागा, ओरखड्यांचं विचारलं तर खरं सांगा. मुलाला काय बोलायचं ते तुमचं तुम्ही बघा. चला, उठा, मागे माणूस उभा आहे.

तुमचं काम झालं, काका. माझ्याकडे काय बघताय? गेल्या महिन्यात वडिलांनी नवीन फोन घेतला. मी घरातच होतो, शेजारच्यांकडून चालू करून घेतला.