महिपतीची बधिर जीभ आणि मिरची

मी महिपती कोंडाजी केदारी, वय अंदाजे चाळीस, धंदा शेती, राहणार औंढे, तालुका मावळ. सन १९३७. जमादारसाहेबांसमोर बसून खरे ते सांगतो की,

माझी खालची दाढ किडली होती. भाकरी दुधात कुस्करून गिळत होतो. याआधीची एक दाढ न्हाव्याने चिमट्याने उपटली तेव्हा तिघांनी मला दाबून धरले होते, म्हणून या खेपेस लय भ्यालो होतो. आज सकाळी लोणावळ्याच्या बाजारात डॉक्टर फकरुद्दीन यांच्या दवाखान्यात गेलो.

त्यांनी हिरडीत मागे सुई टोचली. दुखले ते तेवढेच. मग ओठ आणि अर्धी जीभ बधिर झाली. मी विचारले, "आता झोप लागंल का?" ते म्हणाले, "नाही, जागेच राहाल. दाढ दुखल्याची खबर डोक्याकडे नेणारी शीर आहे, तेवढीच औषधाने अडवली. औषध रक्ताबरोबर निघून गेलं की शीर परत चालू होते." नंतर दाढ ओढलेली समजत होती, कडकड ऐकू येत होती, पण दुखले म्हणाल तर जरासुद्धा नाही. दाढ हातावर ठेवली तेव्हा मला रडूच आले. एवढा गुणी माणूस मी पाहिला नाही.

बाहेर मेव्हणा गेणू भेटला. माझे तोंड वाकडे, लाळ गळतेय, बोलणे बोबडे. तो म्हणाला, "दाजी, पान लागलं का काय?" आमच्याकडे पान लागलं, म्हणजे साप चावला, की मिरची चारून बघतात. तिखट लागली नाही तर विष चढले समजायचे. गेणूने मिरची मोडून नेमकी बधिर बाजूला कोंबली. लागली नाही. "सुईतनं इख घातलं" म्हणून त्याने सगळा बाजार गोळा केला. मी न्हाई न्हाई म्हणत होतो, पण ते कुणाला कळेना. लोकांनी औषधाच्या बाटल्या फोडल्या, डॉक्टरांना मारले आणि ओढत इथे चौकीवर आणले.

इथे डॉक्टर फाटक्या सदऱ्याने बसलेले, तरी माझ्याकडे बोट करून शिपायाला सांगत होते, "त्याला कुशीवर निजवा, नाहीतर रक्त घशात उतरेल." दुपारी बधिरपणा गेला आणि गालात अडकलेली मिरची अशी झोंबली की पाणी पुरेना. गेणू तेव्हापासून मान वर करत नाही.

मला कोणी विष दिलेले नाही. अजून एक दाढ हलते आहे, ती मी यांच्याच हातून काढून घेणार, सुई टोचूनच.

लिहिलेले मला वाचून दाखवले. त्यात डॉक्टरांच्या नावामागे आरोपी असे लिहिले होते. ते खोडायला लावले. आता बरोबर आहे, म्हणून अंगठा करतो.