फ्लशची टाकी चहाडी करते

...नाही, पण फ्लशची टाकी आपली आपण भरायला लागली यात माणसाचा काय दोष, तुम्हीच सांगा. कोणी बटण दाबलेलं नाही, कोणी आत गेलेलं नाही, आणि मध्येच खळखळ, मग सूंऽऽ, मग गप्प. जरा डोळा लागावा तर परत खळखळ. की लगेच स्वयंपाकघरातून लीलावतीबाई, "कोण गेलं होतं?"

आता पंजाबात, मोहालीच्या एअरोसिटीतल्या त्या फ्लॅटमध्ये माणसं तीन. मुलगा अभिषेक ऑफिसात, बाई ओट्यापाशी, उरलं कोण? आमचे विजयकुमार. सांगलीहून थंडीपुरते बायकोला, म्हणजे याच लीलावतीबाईंना, घेऊन मुलाकडे आलेले, आणि तुम्हाला सांगतो, शुगरचे पेशंट. म्हणजे टाकी वाजली की हे लघवीला गेले, सारखे गेले म्हणजे शुगर वाढली, शुगर वाढली म्हणजे चोरून गोड खाल्लं. "अगं, मी सोफ्यावरच आहे." "आत्ता येऊन बसलात." झालं, कारल्याच्या रसाचा पेला हजर.

बरं, खाल्लं होतं का गोड? तिथंच तर घोडं पेंड खातं. शेजारच्या ढिल्लों आंटी, "अंकलजी, देसी घी की पिन्नी, घुटनों के लिए बढ़िया है जी," म्हणून प्लास्टिकची पिशवी भरूनच देऊन गेल्या. कणिक, गूळ, बदाम आणि तुपानं निथळणारा तो लाडू, नाही कसं म्हणणार? पण ठेवायच्या कुठं? डब्यात बाईंचा हात, कपाटात हात, बुटांतसुद्धा हात. हात जात नाही अशी जागा एकच. पिशवीला घट्ट गाठ मारून सोडली टाकीत. आणि दुसऱ्या दिवसापासून तीच टाकी चहाडी करायला लागली. विजयकुमारांना तर संशय, ही बाईंना फितूर आहे.

सुट्टीच्या दिवशी अभिषेकने मोबाइलवर उपाय शोधला. "बाबा, टाकीत रंग टाकायचा. फ्लश न करता भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर गळतंय. मी झाकण काढतो." विजयकुमार सोफ्यावरून असे उठले की गुडघे दुखतात हे विसरले. "तू राहू दे. मी बघतो." बाईंनी रंग म्हणून हळदीचा डबा दिला, पण नजर अशी की यांनी डबा घेऊन लगेच पाठ फिरवली.

आत कडी लावली, झाकण उचललं. पिशवीचं टोक रबराखाली अडकलेलं! फटीतून पाणी भांड्यात जातंय, पातळी उतरतेय, टाकी भरतेय. टोक ओढलं आणि काय सांगू, शांतता. पण पिशवी हातात, दाराबाहेर बायको आणि मुलगा. खिशात मावेना, खिडकीला जाळी. मग काय करतील? खाल्ल्या. सगळ्या, उभ्या उभ्या. रिकामी पिशवी मोज्यात कोंबली आणि मिश्या पुसत बाहेर आले. "रबर जरा सरकलं होतं."

लीलावतीबाई बराच वेळ कान देऊन बसल्या. टाकी गप्प. मग म्हणाल्या, "रबर कसलं? कारलं लागू पडलं. आता पेला रोज."

आता पोटात पिन्न्या, वर कारल्याचा रस, आणि तुम्हाला सांगतो, विजयकुमारांना खरंच लागलीय. पण जायचं कसं? टाकी वाजणार आणि बाई विचारणार, "कोण गेलं होतं?" बसलेत बिचारे, पायावर पाय टाकून.