आयचे धवले आणि काळं खोकं

आम्ही मूळचे बदलापूर गावातले, स्टेशनकडचे नव्हे, नदीकडच्या जुन्या गावातले आगरी. आमची आय धवलारीन. तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगतो, आमच्यात लग्नाच्या हळदीला धवलारीन बसते, धवले गाते, देवांना आणि गेलेल्या माणसांना नावानं हाक मारून मांडवात बोलावते, तिनं बोलावल्याशिवाय नवरीला हळद लागत नाय. गावातल्या किती पोरी तिच्या गळ्यावर सासरी गेल्या ते देवालाच ठाऊक. मी तिचा एकुलता एक, पण माझा गळा असा की आरतीला तोंड उघडलं की बायको टाळ हातात देते, म्हणते, तुम्ही फक्त हेच वाजवा.

मग आयला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. काय सांगू तुम्हाला, घर मुकं झालं. नशीब एवढंच की माझी पोरगी रुपाली, तिनं आधीच आजीचे सगळे धवले फोनमध्ये भरून घरच्या कंप्युटरात टाकून ठेवलेले. फोन पुढे पाण्यात पडला, तो विषय वेगळा, माझ्याच हातून पडला. म्हणजे आयचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला, त्या काळ्या खोक्यात. आणि रुपालीचं लग्न ठरलं, वांगणीचं स्थळ, तुळशीचं लग्न लागलं की आमचं. पोरगी हटून बसली, हळद लागेल तर आजीच्याच धवल्यावर, दुसरी धवलारीन नको.

दसऱ्यापासून खोकं कोणी लावलंच नव्हतं. हळदीच्या आदल्या दिवशी लावलं तर, कंपनीचं चिन्ह येतं, खाली ठिपके गोल फिरतात, आपल्याला वाटतं झालं, आणि फट्, काळं. परत चिन्ह, परत ठिपके, परत फट्. मी मोरिवलीला कंपनीत लेथ चालवतो, म्हणून घरात मी इंजिनेर. प्लग बदलला, वायरीचा लांब बोर्ड बदलला, माऊस, कीबोर्ड, सगळ्या वायरी काढून एक एक लावून बघितल्या. बायको म्हणाली, कंपनीत एवढं लोखंड कापता आणि घरचं एक खोकं ऐकत नाय तुमचं. होणारे जावई फोनवर म्हणाले, पप्पा, सेफ मोडमध्ये टाका. मी म्हटलं, जावईबापू, ते कुठल्याच मोडमध्ये थांबत नाय हो. आय खुर्चीत बसून सगळं बघत होती. एकदा डाव्या हातानं खोक्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या गळ्याकडे. मला तिथं उभं राहवेना.

चादरीत गुंडाळून खोकं स्कूटरवर पुढे ठेवलं आणि उल्हासनगर गाठलं. तिथं लच्छूभाय म्हणून एक सिंधी म्हातारा, कंप्युटर उघडून बसलेला असतो. मी म्हटलं, शेठ, आतलं काय पुसू नका, माझी आई आहे आत. त्यानं चष्म्यावरून बघितलं, म्हणाला, साईं, तो फिर आराम से खोलते हैं.

आत बघितलं मी पहिल्यांदा. हिरवी पाटी, तिच्यावर सोन्याच्या बारीक रेघा, मी मशीनवरचा माणूस पण हात जोडावेसे वाटले. त्यानं मेमरीची पट्टी काढली, खोडरबरनं घासली, लावली. फट्. पंखा बघितला, फिरत होता. दुसरी पॉवर सप्लाय जोडून बघितली. फट्. मग जरा थांबला, पुढच्या बटनांच्या बारक्या वायरी पाटीवरून उपटल्या, आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक दोन पिनांना नुसतं टेकवलं. चालू झालं. चिन्ह, ठिपके, आणि समोर रुपालीचा बारशाचा फोटो. बंदच पडेना! बटनाशिवाय, नुसतं टेकवून! मी स्टुलावर बसलो.

मशीन ठीक है, बटन अटका है, म्हणाला, आणि पुढचं झाकण काढून दाखवलं. चालू करायच्या बटनाखाली एक बारकं बटन असतं, दाबलं की मशीन पहिल्यापासून सुरू होतं, ते अर्धवट आत रुतलेलं, मशीन जरा थरथरली की आपोआप दाबलं जायचं. वर वाळलेलं कुंकू, आणि फटीत तांदळाचा दाणा. ये किसने किया? मी म्हटलं, दसऱ्याला आम्ही हत्यारांची पूजा करतो, त्यात ह्याचीही… आणि तिथंच मला आठवलं. पूजेला बसलेली आय होती. लुळ्या हातामुळे डाव्या हातानं, सगळा भार देऊन, आपल्या आवाजाला टिळा लावला होता तिनं. लच्छूभाय हसला नाही. हम भी पूजा करते हैं, म्हणाला, और सुई लेकर दाना निकाला. बघा, मीपण हिंदीतच बोलायला लागलो.

त्यानं धवले पेनड्राईव्हवरही घेऊन दिले, तरी हळदीला आय खोक्याकडेच बोट दाखवत राहिली. मग मांडवात पाटावर खोकं मांडलं. चिन्ह आलं, ठिपके फिरले. आणि आयचा आवाज आला. डीजेवाला पोऱ्या सुद्धा हेडफोन काढून उभा राहिला. खुर्चीत आयचे ओठ हलत होते, आवाज नाय, पण खोक्यातला आवाज जिथं दम घेई, तिथंच तीही दम घेई. एक बाई दोन ठिकाणी बसलेली, माझ्या डोळ्यांनी बघितली. रुपालीला हळद लागली.

संपल्यावर आयनं खुणेनं कुंकवाची वाटी मागितली. मी आणि बायको एकमेकांकडे बघायला लागलो. मी आयचा हात धरला, खोक्याच्या वरच्या बाजूला नेला, म्हटलं, आय, हितं लाव. तिनं लावला टिळा. मग उरलेलं कुंकू माझ्या कपाळावर लावलं, तसंच, सगळा भार देऊन.

तेव्हापासून मी एकदाही बंद पडलेलो नाय. रुपाली वांगणीला सुखात आहे, आय रोज एक धवला ऐकल्याशिवाय चहा घेत नाय. तुमच्याही घरातला आवाज असाच राहो.