पहिल्या पानावरचा नवरदेव

अबे, अमोलचं लग्न माह्यामुळेच जुळलं, मालूम हाय का? आपल्या समाजाची वधू-वर वेबसाइट मीच बनवून राहिलो होतो. नावं लय झाली म्हणून मी यादीची पानं पाडली. अक्षरांच्या क्रमानं अमोल पहिल्या पानावर, अन् मी विलास, पार शेवटच्या! शाळेतबी हा पहिल्याच बाकावर बसे. मले त्याचा असा हेवा वाटला, की मी यादीच उलटी करून टाकली: आता मी पहिल्या पानावर, अन् अमोल पार शेवटच्या!

तरी रामाकोना गावच्या पोरीवाल्यांनी अमोललेच पसंत केलं!

मी पोरीच्या मावशीले विचारलं, "पहिलं पान नाही पाहिलं काय?"

"काहून पाहू बाप्पा? समाजाच्या छापील वधू-वर पुस्तकात नवे पोट्टे मागंच टाकतात. पहिल्या पानावर तं दरसालचे उरलेले राहतात!"