अश्विनीने सोडलेले प्रश्न

आमच्या नळदुर्गच्या सुभाषअण्णांसमोर एमबीएच्या परीक्षेचं नाव काढू नका, हातातला चहा तसाच ठेवून उठतील.

त्यांची अश्विनी एमबीएच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत होती. सरावाचे पेपर पुण्याच्या भाच्याने दिलेले, पण ते दुसऱ्या परीक्षेचे. त्यात चुकीच्या उत्तराला मार्क कापायचे. अण्णा शाळामास्तर. पोरीसमोर शेंगदाण्यांची वाटी ठेवून बसायचे आणि तिनं अंदाजानं उत्तर दिलं की त्यातले मूठभर स्वतः खायचे.

"येत न्हाय तर सोड. तुक्का मारायचा न्हाय."

"अण्णा, अभ्यास माझा चाललाय अन् वजन तुमचं वाढायलंय!" अश्विनी चिडायची. पण हळूहळू तिचे अंदाज बंद झाले.

परीक्षेला सोलापूरला मीही सोबत गेलो होतो. अश्विनी हसतच बाहेर आली.

"अण्णा, एक बी तुक्का मारला न्हाय! येत नव्हते ते सरळ सोडून दिले."

तिची मैत्रीण तिथंच उभी होती. "अगं, सोडले कशाला? ह्या परीक्षेत चुकलं तरी मार्क कापत न्हाईत. मी तर सगळे ठोकून दिले."

अण्णांचा चेहरा उतरला. "लई सोडलेस का गं?"

"न्हाय अण्णा, दोन-तीनच."

निकाल लागला आणि तिला हवं असलेलं कॉलेज थोडक्यात हुकलं. त्यानंतर एकदा अण्णा मला म्हणाले, "कॉलेजचं जाऊ द्या हो. तिच्या आईनं सांगितलं, निम्मा पेपर सोडला होता. माझं तोंड बघून पोरगी दोन-तीन म्हणाली."