त्रेचाळीस सेकंदांचा अंधार

आदरणीय अध्यक्ष मेधाताई, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती निर्मात्या हेमलताताई, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि शेवटच्या रांगेतल्या आमच्या मेसच्या गोजराबाई, सर्वांना नमस्कार.

मी दयानंद. या सभागृहाचा प्रोजेक्टर सांभाळतो. हे काम मला कुणी शिकवलं नाही. मशीन उघडून, बिघडवून, पुन्हा जोडून शिकलो. त्यामुळे चूक झाली की ती माझीच.

एकोणीस वर्षांत चार चित्रपट. हेमलताताईंनी ते शाळांत, मंगल कार्यालयांत नेऊन दाखवले. आणि दर वेळी त्या पडद्याकडे पाठ करून बसतात! स्वतःचा चित्रपट, आणि बघायचा नाही? मला हे कोडंच होतं.

गेल्या महिन्यात त्या चौथा चित्रपट घेऊन इथे लवळ्याला, याच सभागृहात आल्या. वितरकाची अट होती, मध्ये त्रेचाळीस सेकंद पडदा काळा राहतो, तो अंधार कापा, तरच थिएटर. मुलं कंटाळली तर कापायचं, असं ताईंनी ठरवलं होतं. मला हे नंतर कळलं. माझी पद्धत अशी, की प्रत्येक फिल्मची पहिली दहा आणि शेवटची दहा मिनिटं आधी तपासायची. अंधार नेमका एक्कावन्नाव्या मिनिटाला!

पडदा काळा झाला. मशीन बंद पडलं समजून सतराव्या सेकंदाला मी फिल्म थांबवली, दिवे लावले, वर माईकवरून दिलगिरीही व्यक्त केली. ताईंचा चेहरा उतरला. तेवढ्यात मागून गोजराबाई कडाडल्या, "आवं दयानंदभाऊ, दिवं कशापायी लावलं? बंद कुटं पडलंय? पडद्यावरल्या बाईच्या घरातली लाइट गेलीया. काडीपेटी हुडकतीया ती! घावू द्या की तिला!"

एक पोरगी ओरडली, "सर, खुर्ची मावशींना द्या तुमची!"

हशा ओसरल्यावर मी तो प्रसंग पुन्हा लावला. वरच्या प्रोजेक्टर खोलीच्या खिडकीतून मला कंटाळलेल्या मुलांचे उजळणारे मोबाईल दिसतात. ते मोजायची मला सवय आहे. बांगड्या वाजल्या, भांडं लवंडलं, म्हशीची साखळी हलली. त्रेचाळिसाव्या सेकंदाला काडी पेटली.

ताई वर आल्या. "किती उजळले?"

"एकही नाही."

"मलाही एकही नाही दिसला. मग कापत नाही."

पाठ करून त्या काय बघतात, ते मला तेव्हा उमगलं. वितरक गेला, अंधार राहिला. तो आज आपण पुन्हा बघणार आहोत.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, त्यांचे आभार. कुणाचा उल्लेख राहिला असेल तर सांभाळून घ्या. त्या सतराव्या सेकंदाबद्दल मात्र, ताई, सर्वांसमोर माफी मागतो. या वेळी फिल्म पूर्ण तपासली आहे.

दिवे मालवतो.