गोदामातली डबी

(खापर. आमचूरचे अडते लालचंदशेठ. गोदामाच्या भिंतीवरच्या ओल मोजणाऱ्या डबीनं ‘माल ओला’ असं कळवलं आणि खरेदी करणाऱ्या कंपनीनं भरलेला ट्रक थांबवला. ट्रकमध्ये धडगावच्या वाहरूचा सगळ्या हंगामाचा आमचूर आहे. वाहरू समोर बसलाय. डबी आणि कंपनी यांच्यामधल्या सेवेच्या रूपल पुण्याहून फोनवर, स्पीकर चालू.)

रूपल — सर, डबी आम्ही बनवत नाही, माल आम्ही घेत नाही. आम्ही फक्त दोघांना जोडतो.

लालचंद — मग जोडा की, बाई.

रूपल — जोडलंय ना, सर. म्हणून तर ओल त्यांच्यापर्यंत पोहोचली.

लालचंद — अहो, ओल नहीच शे! भिंत मन्ही, माल मन्हा, आणि तुम्ही पुण्यातून सांगणार?

रूपल — सांगत नाही, सर. पुढे पाठवतो.

वाहरू — शेठ, डबीला पिशवी कशाला घातली?

लालचंद — नवी वस्तू शे. धूळ बसी जाई.

वाहरू — पिशवीला आतून घाम आलाय.

लालचंद — काढ, काढ ती. बाई, आता बघा.

रूपल — आता कोरडं दाखवतंय, सर. छान.

लालचंद — मग ट्रक सोडायला सांगा.

रूपल — सकाळचा आकडा गेला, सर. तो डबीवालेच बदलू शकतात.

लालचंद — ते म्हणे, कंपनीला विचारा. कंपनी म्हणे, आम्ही फक्त मधल्यांशी बोलतो.

रूपल — मधले म्हणजे आम्हीच, सर.

लालचंद — मग बोला ना!

रूपल — आम्ही मत देत नाही. तक्रार नोंदवते, बहात्तर तास लागतील.

लालचंद — तोवर ते दुसऱ्याचा माल घेतील. एखादा माणूस पाठवा, पोत्यात हात घालून बघू दे.

रूपल — माणसं नसतात आमच्याकडे, सर. सेवा असते. आपला दिवस शुभ जावो.

लालचंद — ठेवला फोन. वाहरू, पोता परत लई जाय. वरचे नही म्हणतंस, मी काय करू?

वाहरू — कंपनीचा नंबर द्या. मी बोलतो.

लालचंद — तुन्हासंगे ते कसाले बोलतीन? मी शे ना मधमा.

वाहरू — माझा बाप आठ दिवस खडकावर कैरीच्या फोडी वाळवायचा. तुम्ही एक फोड मुठीत दाबायचे, म्हणायचे, ओली आहे, वरचे घेणार नाहीत, आणि भाव पाडायचे.

लालचंद — जुनी गोष्ट शे ती.

वाहरू — वरचे खरंच विचारायचे, शेठ? ओली का कोरडी?

लालचंद — कधीच कोन्ही इचारं नही.